दार वाजते ती बाजू

रेकॉर्ड उन्हात वाळवत नाहीत. अड्याळच्या माझ्या दुकानात शिरताना उजव्या हाताच्या भिंतीवर हे वाक्य तांबड्या ऑइलपेंटने लिहिलेले आहे. लोक ते वाचून हसतात. एकाने तर विचारले, ‘काहून भाऊ, पापडाच्या गोष्टी करून राहिले का?’ हसू द्या. प्रत्येक धंद्यात एखादे वाक्य असे असते, जे बाहेरच्याला गंमत वाटते आणि आतल्याच्या पोटात गोळा आणते. वायरमनचे ‘मेन बंद आहे ना?’ हे तसेच वाक्य आहे. माझे हे.

मी मुळात रेडिओ मेकॅनिक. रेडिओ गेले, मग लाऊडस्पीकरचे पोंगे आले, पोंग्यांच्या मागे कॅसेटी आल्या, त्याही गेल्या. प्रत्येक वेळी जे गेले ते लोक माझ्या दुकानात आणून टाकत. ‘तुमच्या कामाचं असंल तं ठेवा’ म्हणत. लोकांच्या घरातून हाकललेल्या वस्तूंचा मी आश्रयदाता झालो. माझी बायको याला आश्रम न म्हणता उकिरडा म्हणते. पण आता दिवस असे फिरले आहेत की नागपूर-पुण्याची तरुण मंडळी मोबाइलवर माझ्या उकिरड्याचे फोटो मागवतात आणि त्याला व्हिनाइल म्हणतात. मी रेकॉर्डच म्हणतो. म्हातारी माणसे तबकडी म्हणतात. वस्तू तीच.

आता कुणी विचारेल, भंडारा जिल्ह्यात इंग्रजी रॉकच्या रेकॉर्ड आल्या कुठून? धानाच्या पोत्यातून तर निघाल्या नसतील. त्या आल्या तुमसर-आंबागडकडच्या मॅंगनीजच्या खाणींतून. खाणींवर साहेबांच्या वसाहती होत्या. तिथे कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा कुठून कुठून आलेले इंजिनिअर राहत. चारी बाजूंनी जंगल, करमणूक काही नाही, म्हणून येताना ग्रामोफोन आणि रेकॉर्डची पेटी आणत. बदली झाली की सामान हलके करायचे म्हणून त्यातले बरेच मागेच ठेवून जात. मग ते माळ्याच्या, ड्रायव्हरच्या, खानसाम्याच्या घरी. तिथून भंगारवाल्याकडे आणि भंगारवाल्याकडून माझ्याकडे.

हे प्रोग्रेसिव्ह रॉक नावाचे प्रकरण मी पहिल्यांदा लावले तेव्हा मला वाटले मशीन बिघडले. बराच वेळ नुसता वारा वाहत होता. मग कुणीतरी बासरी वाजवली, मग चर्चमधल्यासारखा ऑर्गन, मग सगळे गप्प. मी सुई तपासायला वाकलो आणि एकदम ढोल-गिटारी अशा कडाडल्या की हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. गाणे कुठे सुरू झाले आणि कुठे संपले ते कळेना. कारण ते संपतच नव्हते. आपल्या सिनेमातले गाणे येते, नाचते, जाते. हे लोक एका गाण्याला रेकॉर्डची अख्खी बाजू देतात. कधी चारी बाजू मिळून एकच गोष्ट सांगतात. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालते, त्या जातीचे हे काम. एक प्रवेश पाहून उठून जायचे असेल तर आलातच कशाला, असा त्यांचा रोख.

ठेकाही सरळ नसतो. आमच्या भजनी मंडळातले तबलजी एकदा दुकानात बसले होते. मी म्हटले, ‘ऐका जी, हे इंग्रज लोक ठेका चुकले.’ त्यांनी मांडीवर बोटे मोजली आणि म्हणाले, ‘चुकले कायले, हा रूपक होय.’ सात मात्रा. तेव्हापासून मी त्या रेकॉर्डना नीट बसून ऐकू लागलो. शब्द आजही निम्मे कळत नाहीत. पण शब्द न कळता ऐकण्यातही एक सोय असते. गोष्ट आपली आपण ठरवता येते. या सोयीचीच पुढे मोठी अडचण झाली, ते सांगतो.

त्याआधी थोडे गिऱ्हाइकांविषयी. पुण्याचे एक गृहस्थ आहेत. घरात भिंतभर रेकॉर्ड, सगळ्या अशाच लांबलचक गाण्यांच्या. दर हिवाळ्यात इकडे अभयारण्य पाहायला येतात आणि वाघ नाही दिसला की माझ्या दुकानात येतात. रेकॉर्ड हातात घेतली की आधी कव्हर हुंगतात. मग तबकडीच्या मधल्या कोऱ्या पट्ट्यावर कोरलेले बारीक अंक भिंगातून पाहतात. त्या अंकांवरून ती कितव्या छपाईची ते कळते. मी एकदा विचारले, ‘लावून दाखवू का?’ तर दचकून म्हणाले, ‘नको नको, सुईने झीज होते.’ म्हणजे हे आंब्याची पेटी आणून तिचा वास घेत बसणार. पण माणूस सज्जन आणि माहितीचा सागर. त्यांच्याकडून मी फार शिकलो.

दुसरे एक आमच्या बाजारातले किराणा दुकानदार. त्यांच्याकडे अशाच एका इंग्रजी टोळक्याची रेकॉर्ड होती आणि ती ते वर्षानुवर्षे मिनिटाला तेहतीस फेऱ्यांऐवजी पंचेचाळीसच्या वेगाने ऐकत आले होते. मशीनचा खटका तिथेच गंजून बसला होता. मी तो दुरुस्त करून दिला तर दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन परत आले. म्हणाले, ‘भाऊ, गाणारा बिमार पडल्यासारखा वाटते. पहिलं होतं तसंच करून द्या.’ मी खटका पुन्हा पंचेचाळीसवर बसवून दिला. धंद्यात एक गोष्ट शिकलो. माणूस रेकॉर्ड ऐकत नाही, त्याला पाठ असलेली रेकॉर्ड ऐकतो. हे मला तोंडपाठ होते, तरी पुढच्या वेळी ऐन गरजेला आठवले नाही.

कोंढ्याच्या पुढे एका तलावाकाठच्या गावातून वनिता नावाची बाई माझ्याकडे आली ती दसरा होऊन गेल्यावर. चाळिशीच्या आतली, मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातली, हातात साडीत गुंडाळलेले काहीतरी. टेबलावर ठेवून तिने गाठ सोडली आणि मी कपाळाला हात लावला. दोन तबकड्या होत्या, सोबत त्यांचे कव्हर. दोन्ही अशा वळल्या होत्या की ताटलीत ठेवल्या तर डोलल्या असत्या.

झाले होते असे. दिवाळीची झाडझूड काढली, घरातले सगळे बाहेर काढून धुतले. गोधड्या धुतल्या, देवाचे पाट धुतले, तेव्हा मामाजींच्या रेकॉर्डवरही धूळ दिसली. मामाजी म्हणजे तिचे सासरे. तिने त्या भांड्यांच्या साबणाने स्वच्छ घासल्या आणि कव्हरासकट खाटेवर गोधड्यांच्या शेजारी वाळत घातल्या. ऑक्टोबरचे ऊन. संध्याकाळी उचलायला गेली तेव्हा त्यांचा हा अवतार. आपल्या बायाबापड्या जे जे प्रेमाने धुतात ते ते उन्हात घालतात. तिला दोष कोण देणार?

सांगून ठेवतो, रेकॉर्ड धुता येते. साधे गाळलेले पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, रेघांच्या दिशेने फिरवायचा. मधल्या कागदी चकतीला पाणी लागू द्यायचे नाही. आणि सावलीत, उभ्या रॅकमध्ये निथळू द्यायची. वाकलेली रेकॉर्ड दोन काचांमध्ये दाबून किंचित ऊब दिली तर कधी कधी सरळ होते. कधी कधी म्हणजे क्वचित. मी वनिताला तेवढेच सांगितले आणि विचारले की दुसरी कुठली घेऊन जाता का, माझ्याकडे पुष्कळ आहेत.

ती म्हणाली, ‘नाही जी भाऊ. हेच पाहिजे. हे बंद पडलं तं मामाजी बोलनंच बंद करतील.’

मग तिने सगळे सांगितले. सासरे, सोमाजी, जवानीत तिकडे खाणीवर एका साहेबाच्या बंगल्यात स्वयंपाक करायचे. साहेब संध्याकाळी ही रेकॉर्ड लावी आणि सोमाजी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता तुकड्या-तुकड्याने ऐकत. बदली झाली तेव्हा साहेबाने हीच जोडी त्यांच्या हातात ठेवली. मशीन त्यांनी मागाहून कुठूनतरी मिळवले, एका वेळी एकच तबकडी वाजवणारे साधे खोके. गावी परतल्यावर ते वडिलोपार्जित मासेमारीत लागले. आता वय झाले, कान गेले, तलावावर फक्त जाळी दुरुस्त करायला जातात. ऐकू येत नाही म्हणून कुणाशी बोलत नाहीत. रोज दिवे लागले की मशीनच्या खोक्यावर तळहात टेकवून ही रेकॉर्ड ऐकतात, हाताने. आणि तेवढा वेळ वनिताला गोष्ट सांगतात. आता तो निघाला. आता बाजार आला. आता वादळ येते. दिवसभरात घरात माणसाचा आवाज निघतो तो एवढाच.

‘आणि तुमचे मालक?’ मी विचारले. तिचा नवरा रवी गोव्याकडे मासेमारीच्या बोटीवर कामाला गेला होता. एकदा मंडईला घरी आला, पुन्हा गेला आणि त्यानंतर फोन बंद. बोटीच्या मालकाने सांगितले की हंगाम संपला तेव्हा तो काम सोडून गेला. पोलिसांत कळवले, नातेवाइकांनी जाऊन चौकशी केली, काही कळले नाही. त्याला काही वर्षे झाली. भाऊ माहेरी बोलावतो, तिकडे शाळेत पोषण आहाराचे काम मिळत होते, पण म्हाताऱ्याला टाकून जायचे कसे? आणि सोमाजी रात्रीही घराच्या दाराला कडी लावू देत नाहीत. थंडी असो, कुत्री शिरोत, दार नुसते लोटलेले. ‘तो आला तं ठोकत बसल का, मले ऐकू येते का?’ असे म्हणतात.

मी तिला धीर दिला आणि तबकड्या ठेवून घेतल्या. मामाजींना खरे कळू द्यायचे नाही अशी तिने मला शपथ घातली; रेकॉर्ड साफ करायला दिल्या, एवढेच ती घरी सांगणार होती. काचा, विटा, सगळे करून पाहिले. सुई लावली तर लाटेवरच्या नावेसारखी वर-खाली होऊन शेवटी बाहेर उडी मारी. मग कव्हर नीट पाहिले. एका मोकळ्या शेतात नुसते एक निळे दार उभे आहे, भिंत नाही काही नाही. कव्हर उघडले की आत दाराच्या पलीकडे समुद्र. नाव इथे देत नाही. दिले की शौकिनांचे फोन येतात आणि माझी दिवाळी त्यातच जाते. मी फोटो पुण्याच्या गृहस्थांना पाठवला. त्यांच्याकडे तिच्या दोन जोड्या निघाल्या. पहिल्या छपाईची जोडी देणे तर सोडाच, तिच्याबद्दल बोलतानाही ते आवाज खाली करत होते. दुसरी, नंतरच्या छपाईची, द्यायला तयार झाले. बदल्यात त्यांनी माझ्या कपाटातली एक रेकॉर्ड मागितली, जी मी स्वतःसाठी ठेवली होती. वारा, बासरी आणि ऑर्गनवाली. दोन दिवस विचार केला आणि दिली. आजही त्या कपाटाचा तो कप्पा पाहिला की जरा वाईट वाटते.

नवी जोडी आली. कोरी करकरीत, एक खरखर नाही. जुन्या कव्हरात घालून वनिताच्या हाती दिली आणि सांगितले की मामाजींना पत्ता लागायचा नाही. मी स्वतःवर खूश होतो. रेकॉर्ड तीच, गाणारे तेच, चित्र तेच, उलट आवाज जास्त साफ. किराणावाल्याचा खटका मला त्या वेळी आठवायला हवा होता.

आठवडाभरात सोमाजी स्वतः दुकानात हजर. बाजाराचा दिवस, गर्दी. उंच, काळासावळा म्हातारा, पांढऱ्या मिशा, खांद्यावर दुपट्टा. कव्हर टेबलावर ठेवून ते भरल्या बाजारात खणखणीत आवाजात म्हणाले, ‘भाऊ, ही माही नोहे.’ ज्यांना ऐकू येत नाही ते मोठ्याने बोलतात आणि त्यांच्याशी बोलणारेही. पाच मिनिटांत अर्ध्या बाजाराला आमचा वाद कळला होता. मी धंद्याच्या तोऱ्यात सांगत होतो की तीच आहे, कंपनीचीच आहे, तुमच्या जुनीपेक्षा चांगली आहे. ते मान हलवत होते.

‘पैली बाजू बरोबर हाय. पलटवल्यावर शेवटी दार वाजाले पाहिजे. तीन ठोके. हाताले लागतात. हे वाजतच नाही. मंग दुसरी तबकडी म्यां लावलीच नाही.’

बोलता बोलता त्यांची नजर मागच्या फळीवर गेली. काचेखाली, विटांच्या वजनाने दाबलेल्या त्यांच्या जुन्या तबकड्या तिथे पडल्या होत्या. वनिताने मला शपथ घातली होती. मी काहीतरी जुळवायला लागलो तर त्यांनी हातानेच थांबवले.

‘मले मालूम हाय,’ ते या वेळी हळू म्हणाले. ‘कव्हर हातात घेतलं तवाच उन्हाचा वास आला. तिनं सांगतलं नाही, म्यां विचारलं नाही. घरात दोनच मानसं. एक रागावलं तं मंग बोलाचं कोनाशी?’

माझा तोरा उतरला होता. मी काचा बाजूला केल्या, त्यांच्या वाकड्या तबकड्या घेतल्या, नव्यांच्या शेजारी ठेवल्या आणि पुण्याच्या गृहस्थांसारखे भिंग काढले. मधल्या चकतीवर अगदी कडेला, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत बाजूचा क्रमांक लिहिलेला होता. नव्या तबकडीच्या एका अंगाला पहिली बाजू, दुसऱ्या अंगाला दुसरी. जुन्या तबकडीच्या एका अंगाला पहिली आणि मागे चौथी. दुसऱ्या जुन्या तबकडीवर दुसरी आणि तिसरी. मी दोनदा वाचले आणि खुर्चीत बसलो.

बाहेरच्या माणसासाठी सांगतो. पूर्वी साहेब लोकांकडे एक मशीन असे, त्यात चार-सहा रेकॉर्ड एकावर एक लावून ठेवायच्या. एक संपली की वरची आपोआप खाली पडे. अशा मशीनवर आधी पहिली तबकडी, मग तिच्यावर दुसरी वाजणार, आणि मग अख्खी चळत एकदम उलटी करायची. म्हणून त्या मशीनसाठी छापलेल्या जोडीत पहिल्या बाजूच्या मागे चौथी असे आणि दुसरीच्या मागे तिसरी. साहेबाचे मशीन तसले होते. सोमाजींचे खोके एकावेळी एक वाजवणारे. त्यांनी सरळ माणसासारखे केले. पहिली तबकडी लावली, पलटवली. दुसरी लावली, पलटवली. म्हणजे पहिली बाजू, मग एकदम चौथी, मग दुसरी, मग तिसरी. खाणीवर त्यांनी गोष्ट सलग कधी ऐकलीच नव्हती, आणि इंग्रजी अक्षरे वाचता येत नव्हती. इतकी वर्षे ते शेवट दुसऱ्या नंबरला ऐकत होते.

मी त्यांना समोर बसवले आणि विचारले, तुमची गोष्ट काय आहे? त्यांनी सांगितली. पहिल्या बाजूला माणूस घरून निघतो, पावले वाजतात, भोंगा होतो. मग पलटवली की तो घरी येतो, दार वाजते, बाई हसते. मग पुन्हा निघतो. मोठा बाजार लागतो, कारखाने लागतात. आणि शेवटच्या बाजूला वादळ. मग नुसते पाणी. पाणी संपले की सुईची खरखर.

‘अन् मंग?’ मी विचारले.

‘मंग काय, काहीच नाही. म्हनून म्या रोज पुन्हा पैल्यापासून लावतो.’

मला रवी आठवला. गेला, मंडईला घरी आला, पुन्हा गेला, आणि पुढे पाणी. सोमाजींच्या रेकॉर्डमध्ये त्यांच्या घरात जे घडले त्याच क्रमाने सगळे होते. पाण्यानंतर काय, हे मात्र रेकॉर्डमध्येही नव्हते. मी चार बोटे त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. एकेक मिटत, ओरडून सांगितले की आधी निघतो, मग बाजार, मग वादळ आणि पाणी, आणि घरी येणे सगळ्यात शेवटी. बनवणाऱ्यांनी तसेच बनवले आहे. ते माझ्या करंगळीकडे पाहत राहिले.

‘म्हंजे पान्यानंतर दार वाजते?’

‘पाण्यानंतरच.’

त्यांनी नवी जोडी उचलली, दुपट्ट्यात बांधली आणि निघाले. दाराशी थांबून म्हणाले, ‘उद्या दिवे लागाच्या टायमाले घरी या. तुमीच लावून द्या.’

त्या संध्याकाळी मी पुण्याला फोन करून हे सगळे सांगितले. गृहस्थांना सोमाजींच्या जोडीची छपाई कळल्यावर फार हळहळ वाटली, म्हणाले, ‘अहो, तीच तर दुर्मिळ!’ मग म्हणाले की चुकीच्या क्रमाने ऐकणे म्हणजे त्या कलाकृतीचा अपमान आहे, आता तरी त्यांना खरी कळेल. मला तेवढी खात्री वाटेना. मी रात्री जेवताना बायकोला म्हटले की मी उगाच बोटे मोजून दाखवली. ज्याचा मुलगा बेपत्ता आहे अशा माणसाला मी सांगून आलो की शेवटी दार वाजते. उद्यापासून तो दाराकडे अजून डोळे लावून बसेल आणि ती पोर त्याच्यासोबत अडकेल. बायको म्हणाली, ‘तुमी रेकॉर्ड इकता का भविष्य?’ आणि वरण वाढले. तिचे म्हणणे बरोबर होते, पण मला झोप नीट लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तलावावर सांज उतरत होती तेव्हा मी पोहोचलो. कौलारू घर, अंगणात जाळी टांगलेली, समोरचे दार सताड उघडे. वनिताने डोळ्यांनीच विचारले, ‘मामाजीले समजलं का?’ मी होकाराची मान हलवली. तिचा चेहरा उतरला. सोमाजींनी ते पाहिले आणि तिला म्हणाले, ‘बस बाई, पुढच्या साली उन्हात नोको, छावात वाळव.’ ती पदर डोळ्यांना लावून खाली बसली, आणि हसली पण. तो विषय त्या घरात एवढ्यावर संपला.

मी पहिली बाजू लावली. सोमाजींनी खोक्यावर तळहात टेकला. मी पलटवली आणि दुसरी लागली तेव्हा ते गोष्ट सांगेनात. त्यांच्यासाठी ती बाजू नव्या जागी होती. मी तबकडी बदलली. वादळ आले, उतरले, पाणी राहिले. मला शब्द कळत नाहीत, पण पाणी कळते. त्यांची बोटे खोक्यावर पसरलेली होती. इथे त्यांची रेकॉर्ड रोज संपत असे. मी उठून पलटवली आणि चौथी बाजू सुरू झाली. लांब बासरी, मग ऑर्गन, मग पावले. ही बाजू त्यांना पाठ होती, कुठे काय येते ते बोटांना ठाऊक होते. ठोके जवळ आले आणि त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला.

तीन ठोके पडले. दार करकरले, कुणी बाई हसली, आणि एक सूर बराच वेळ लांबत जाऊन थांबला. सुई मध्यावर येऊन फिरू लागली. त्यांनी वनिताच्या तोंडाकडे पाहिले.

‘वाजलं?’

तिने उघड्या दाराकडे पाहिले, बाहेर अंधार पडत होता. मग ती त्यांच्याकडे वळली आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, ‘वाजलं जी, मामाजी. उघडलंबी.’

‘मंग पोचला म्हनाव. कुठं का असंना, घरी पोचला.’ त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसले. ‘आता लाव कडी. अन् तुह्या भावाले फोन कर, म्हनाव येतो. मलेबी नेतो का इचार. तलाव तिकडंबी हाय.’

वनिता उठली. दाराची दोन्ही कवाडे ओढली. कडी इतक्या वर्षांत हलली नव्हती, ती गंजून बसली होती. तिने उलथण्याच्या दांड्याने ठोकून ठोकून ती बसवली आणि तशीच दाराला पाठ लावून उभी राहिली. मी तोंड फिरवून मशीनशी उगाच खुडबुड करत होतो.

पंचाईत माझी झाली. मी आत आणि माझी मोटरसायकल बाहेर. पण इतक्या वर्षांनी लागलेली कडी काढ म्हणायला जीभ रेटेना. वनिताने चहाचे आधण ठेवले. सोमाजी माझ्याकडे सरकले आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, ‘भाऊ, पुन्हा लावता का? पैल्यापासून नोको. दार वाजते तेवढीच बाजू.’

मी सुई उचलून कडेला ठेवली. या वेळी त्यांनी हात शेवटपर्यंत खोक्यावरच ठेवला.